हँडब्रेकचा नट आवळला आणि आता मागचं चाक तापतंय

घरंगळ
मंडळी नमस्कार. गाडी अकरा वर्षांची, हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ब्रेक पुढे डिस्क मागे ड्रम. गेले काही महिने हँडब्रेकचा लिव्हर ओढला की वर वर येतच राहायचा, पूर्वी सात खटक्यांत बसायचा तो तेरा-चौदापर्यंत जायला लागला. मी मनावर घेतलं नाही, कारण गाडी गिअरमध्ये टाकूनच लावायची सवय. मागच्या आठवड्यात मात्र उतारावर न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढला, फाटक उघडायला उतरलो, आणि वळून बघतो तर गाडी माझ्या मागोमाग निघालेली! पळत जाऊन दार उघडलं आणि ब्रेकचं पेडल हाताने दाबलं, पाय आत घालायला वेळच नव्हता. थोडक्यात वाचलो.

मग एक व्हिडिओ बघून लिव्हरचं कव्हर काढलं, केबलच्या टोकाला १० नंबरचा नट दिसला, तो चार फेरे आवळला. एकदम झकास, पाच खटक्यांत घट्ट. पण दोन दिवसांनी डावं मागचं चाक तापायला लागलं, वीस मिनिटं चालवली की रिमला हात लावला तर चटका, शिवाय करपट वास. न्यूट्रलला सोडली की गाडी लगेच थांबते. उजवं चाक थंडगार. नट अर्धा फेरा सैल करू का?

पानातेरा
अर्धा नाही, चारही फेरे सैल करा, आणि आजच. चाक सतत घासत राहिलं की ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकातला भाग) जाते, तिथलं ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ पडून खाली जातं आणि तेव्हा हँडब्रेकचीच काय, पायाच्या ब्रेकचीही खात्री राहत नाही.

आता मूळ मुद्दा. दुखणं ड्रममध्ये आणि तुम्ही आवळताय लिव्हरखाली, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. लिव्हर वर यायला लागला म्हणजे बहुतेक वेळा आत शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) आणि ड्रममधली फट वाढलेली असते. ती फट भरून काढायला ड्रममध्ये एक दातेरी चाकी असते, लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजेल तशी ती आपोआप एक एक दात पुढे सरकायची असते. ती जाम झाली की फट वाढत जाते आणि ती सगळी फट तुम्ही लिव्हरने भरत बसता. आधी चाकाकडे अ‍ॅडजस्ट करायचं आणि शेवटी केबल, उलट करायचं नाही.

चिकित्सक
पण केबल पण लांबतेच ना? मग नटाने आवळली तर बिघडलं कुठे, तो नट दिलाय तरी कशाला?

पानातेरा
केबल नवी असताना थोडी बसते, नंतर फारशी लांबत नाही. सगळं खापर तिच्यावर फोडायची पद्धत आहे इतकंच. नट दिलाय तो शेवटची बारीक जुळवणी करायला.

बिघडतं ते असं. ड्रमच्या आत मागच्या शूला एक छोटा लिव्हर असतो, केबल त्याला ओढते. हँडब्रेक खाली असताना तो लिव्हर पूर्ण मागे जाऊन आपल्या अडणीवर टेकलेला पाहिजे. केबल ताणून ठेवली की तो टेकतच नाही, शू अर्धवट उघडे राहतात, आणि आपोआप जुळणाऱ्या चाकीचं मोजमापच चुकतं. म्हणजे आधीच आजारी असलेली चाकी आता कायमची झोपली. वरून हँडब्रेक छान लागतो म्हणून माणूस खूश, जसे तुम्ही होतात.

घरंगळ
हाहा, बरोबर. नट सैल केला. लिव्हर पुन्हा चौदावर. पण एक विचित्र गोष्ट, केबल एवढी सैल असूनही डावं चाक थोडं घासतंच. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर एक फेरासुद्धा नीट पूर्ण होत नाही, उजवं मात्र भिरभिर फिरतं.

घोडी_लावा
थांबा थांबा, फक्त जॅकवर उचलून? जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली घोडी (टेकू देणारा स्टँड) लावा, मगच हात आत घाला. आणि ही अशी एकच दुरुस्ती आहे जिच्यात हँडब्रेक सोडूनच काम करावं लागतं, म्हणजे गाडी धरून ठेवणारा आपण स्वतःच सुट्टीवर पाठवलेला असतो. सपाट, टणक जमीन. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे. तुमची गाडी पुढची चाकं ओढणारी असेल तर गिअरमध्ये ठेवा, पुढची चाकं धरली जातात आणि मागची मोकळी फिरतात. पण मागची चाकं ढकलणारी गाडी असेल तर मागून उचलल्यावर गिअरचा काडीचा उपयोग नाही, सगळा भरवसा ठोकळ्यांवर. हे माझ्या लक्षात नव्हतं, गाडी घोडीवरून एक वीत पुढे आली होती, तेव्हापासून मी ठोकळ्यांच्या बाबतीत सासूसारखा वागतो.

पानातेरा
घोडीवाले बरोबर बोलतायत.

घरंगळ, तुमचं डावं चाक केबल सैल असूनही घासतंय म्हणजे शक्यता तीन. डाव्या केबलमध्ये पाणी शिरून आत गंज धरलाय आणि ओढलेली केबल परत जात नाही, किंवा आतला छोटा लिव्हर त्याच्या पिनवर जाम आहे, किंवा स्प्रिंग तुटलीये. गाडीखाली जिथे एका केबलच्या दोन होतात तिथे एक आडवी पट्टी असते, ती सरळ आहे का तिरकी ते बघा. त्या पट्टीचं काम दोन्ही बाजूंना सारखी ओढ वाटून देणं. ती एकीकडे कलली असेल तर दोन चाकांत काहीतरी फरक आहे हे ड्रम न उघडताच कळतं.

घरंगळ
तिरकी आहे! चांगली दोन बोटं कललीये.

पानातेरा
मग रविवार मोकळा ठेवा.

निवांत_नाना
मधेच विषयांतर करतो, माफी असावी. हँडब्रेक ओढताना बटण दाबून ओढायचा की खटखट आवाज करत? आमच्या घरी यावरून दोन पक्ष आहेत. आवाज केला की दात झिजतात म्हणे.

चिकित्सक
दाबून. लोखंडावर लोखंड घासून कशाला घ्यायचं.

पानातेरा
खटके वाजवत, आणि यावर मी हटणार नाही. ते दात तेवढ्यासाठीच कडक केलेले असतात. बटण दाबून ओढायचा असेल तर खुशाल ओढा, पण लिव्हर सोडायच्या आधी बटण सोडा आणि पंजा (लिव्हर अडवणारी खिट्टी) दातात बसला का बघा, नाहीतर अर्ध्या दातावर टेकून राहतो आणि मागाहून निसटतो. आणि खटके मोजता येणं हेच तर फुकटचं निदान आहे. घरंगळ यांनी सातचे चौदा झालेले मोजले म्हणून तर आपण इथे बोलतोय.

निवांत_नाना
म्हणजे घरातला दुसरा पक्ष जिंकला. सांगत नाही.

दोन्हीकडे_डिस्क
माझ्या गाडीला मागेही डिस्क आहे. त्यात ड्रमच नाही तर मी काय अ‍ॅडजस्ट करू?

पानातेरा
मागे डिस्क असली तरी तीन तऱ्हा आहेत. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागातच आतून छोटा ड्रम असतो आणि त्यात फक्त हँडब्रेकचे शू. हे शू गाडी चालताना वापरलेच जात नाहीत, त्यामुळे लायनर झिजत नाही, त्याखालचा पत्रा गंजतो. लायनर जाडजूड दिसतो आणि तरी हँडब्रेक धरत नाही, कधी तर लायनर पत्र्यापासून सुटून आत नुसता खुळखुळत असतो. नवे शू टाकल्यावर काही कंपन्या हलका हँडब्रेक लावून हळू थोडं अंतर चालवायला सांगतात, शू ड्रमवर नीट बसावेत म्हणून. किती वेग, किती अंतर ते पुस्तकात बघा, मनाने करू नका.

दुसऱ्या तऱ्हेत कॅलिपरलाच (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) मागे एक लिव्हर असतो आणि आतल्या स्क्रूने पिस्टन पुढे ढकलला जातो. इथे हँडब्रेक सोडल्यावर तो लिव्हर अडणीला टेकतो का हे दोन्ही बाजूंना बघा, टेकत नसेल तर केबल तरी जाम किंवा कॅलिपर तरी. पॅड बदलताना हा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. जोर करून दाबला तर आतला स्क्रू गेला आणि कॅलिपर नवा.

तिसरी तऱ्हा इलेक्ट्रिक, बटणवाली.

बटणवाली_ताई
माझी तिसरी. बटण ओढलं की घुंईं आवाज येतो. काही करावं लागतं का?

चक्रपाणी
ताई, रोजच्या वापरात काही नाही, ती स्वतःच फट जुळवून घेते. पण मागचे पॅड बदलायचे असतील तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते, काही गाड्यांत बटणं आणि पेडलच्या ठरावीक क्रमाने, काहींत स्कॅनर लावून. त्यामुळे मोटर स्क्रू मागे घेते. तसं न करता क्लॅम्प लावून पिस्टन दाबला तर मोटरचे गिअर तुटतात. आणि काम चालू असताना कोणी आत बसून सहज बटण ओढलं तर बोटांचं काय होईल ते सांगायला नको, म्हणून चावी स्वतःच्या खिशात. बॅटरी उतरली तर बहुतेक गाड्यांत ब्रेक सुटत नाही, अडकून राहतो, हेही लक्षात असू द्या.

अजून एक, ज्यांचा हँडब्रेक डिस्कच्या पॅडवरच लागतो त्या सगळ्यांसाठी. घाट उतरून तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावून गेलात तर डिस्क आणि पॅड थंड होताना थोडे आकसतात आणि पकड ढिली पडते. लावताना घट्ट असलेली गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुटल्याचे प्रकार याच्यातूनच होतात. काही इलेक्ट्रिक ब्रेक म्हणूनच थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा आवळतात. केबलवाल्यांनी एक खटका जास्त ओढा आणि गिअर टाका, चढावर तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स.

बटणवाली_ताई
अच्छा! रात्री बंद गाडीतून मधेच घुंईं ऐकू आलं होतं, मला वाटलं काही शॉर्ट झालं.

निवांत_नाना
ऑटोमॅटिकवाल्यांनी नुसतं पी मध्ये टाकलं तर चालतं ना?

चक्रपाणी
पी म्हणजे गिअरबॉक्समध्ये एका दातेरी चाकात अडकणारं बोटाएवढं लोखंड. उतारावर नुसतं पी टाकून पाय काढला की सगळं वजन त्याच्यावर, मग निघताना खाडकन आवाज येतो तो त्याचाच. पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक, मग ब्रेक हलकेच सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग पी.

घरंगळ
रविवार झाला. सविस्तर लिहितो, कारण इथल्या सूचनांशिवाय जमलं नसतं.

ठोकळे लावले, घोड्या लावल्या, घोडीवाल्यांना स्मरून गाडी एकदा हलवून बघितली. चाक काढलं, ड्रम काही हलेना. त्याच्या तोंडावर दोन रिकामी आटे पाडलेली भोकं दिसली, त्यात त्याच मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले तेव्हा कट् असा आवाज होऊन ड्रम सुटला. उजवा ड्रम लगेच निघाला. डावा मात्र अर्धा येऊन अडकला, आतल्या कडेला झिजून ओठ तयार झाला होता आणि शू त्यावर अडत होते. मागच्या पत्र्यावरचं रबरी बूच काढून तिथून स्क्रू ड्रायव्हरने चाकी मागे फिरवायला गेलो तर ती जागची हलेना. बरंच तेल सोडून, वाट बघून, शेवटी एक दात सरकली.

उघडल्यावर आत काळी धूळ, अगदी चिमटीत येईल एवढी साचलेली. फुंकणार होतो तेवढ्यात...

घोडी_लावा
फुंकू नका!! जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, नव्यातली धूळही छातीला चांगली नाही. हवा मारायची नाही, ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने ओली करून पुसायची.

घरंगळ
नाही फुंकली, आठवलं. ओलं करून पुसलं. आणि मग सगळा उलगडा झाला. उजवीकडे चाकी गंजून जाम, त्यामुळे शू ड्रमपासून लांबच राहिलेले, ती बाजू जवळजवळ धरतच नव्हती. डावीकडे केबल आत गंजलेली. ड्रम बाहेर असताना बायकोला लिव्हर ओढून सोडायला सांगितला, उजव्या बाजूचा छोटा लिव्हर टुणकन मागे आला, डावीकडचा तिथेच उभा, हाताने ढकलल्यावर कुरकुरत गेला. म्हणजे मी नट आवळला तेव्हा एक बाजू सुटत नव्हती आणि दुसरी लागत नव्हती, आणि वरून मला वाटत होतं पाच खटक्यांत काम झालं.

चिकित्सक
केबलमध्ये तेल सोडून बघितलं का? माझी त्याने सुटली होती.

पानातेरा
सुटते, आठ-दहा दिवस. एकदा वरचं आवरण फुटून पाणी शिरलं की आतल्या तारा गंजून फुगतात, तेल त्याला काय करणार. शिवाय ड्रमच्या टोकाकडून सोडलेलं तेल ओघळून लायनरवर आलं तर तो लायनर फेकायचा. केबल बदला, दोन्ही. एक नवी एक जुनी ठेवली तर पट्टी पुन्हा कलणार.

घरंगळ
दोन्ही बदलल्या. शू पण नवे टाकले, दोन्ही बाजूंचे, डावे तापून चकाकायला लागले होते. ड्रमवर आतला जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो हे नव्हतं माहीत, मोजला, अजून आत आहे, म्हणून ड्रम तेच ठेवले.

एक शहाणपणा केला, एका वेळी एकच बाजू खोलली. स्प्रिंगा कशा बसतात ते विसरलो की पलीकडे जाऊन बघायचं. तरी एक स्प्रिंग पकडीतून सुटून कानाजवळून गेली, अजून सापडलेली नाही, नशीब की नव्या शूबरोबर स्प्रिंगा आल्या होत्या. चष्मा घातला होता.

पानातेरा
चाक्या डाव्या-उजव्या अदलाबदल नाही ना केल्या? बऱ्याच गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात. उलट बसली तर आपोआप पुढे सरकायच्या ऐवजी मागे सरकते आणि महिनाभराने तुम्ही पुन्हा याच धाग्यावर.

घरंगळ
नाही, एकेक बाजू केली म्हणून वाचलो. आटे साफ केले, बोटांनी फिरेपर्यंत, ब्रेकचं उष्णतेला टिकणारं ग्रीस लावलं, मागच्या पत्र्यावर शू जिथे घासतात त्या सहा ठिकाणी तिळाएवढं. मग ड्रम चढवून चाकी पुढे घेत गेलो, चाक हाताने फिरेना तेव्हा थांबलो आणि एक एक दात मागे घेतला, अगदी हलकी सर्र अशी घासट ऐकू येईपर्यंत. ब्रेकचं पेडल आठ-दहा वेळा दाबलं म्हणजे शू मधोमध बसतात, त्यानंतर पुन्हा फिरवून बघितलं, उजवं थोडं सैल झालं होतं, एक दात वाढवला.

सगळ्यात शेवटी तो प्रसिद्ध नट. पहिल्या खटक्याला दोन्ही चाकं मोकळी, दुसऱ्याला दोन्हीकडे सारखी घासट, सातव्याला हलत नाहीत. सोडल्यावर दोन्ही भिरभिर. पट्टी सरळ. आणि गंमत म्हणजे नट मी पहिल्यांदा हात लावला होता त्याच्याही मागे आला!

चक्रपाणी
मस्त. आता उतारावर तपासा, पाय पेडलवर तयार ठेवून, तोंड खाली करून एकदा आणि वर करून एकदा. ड्रमचे शू फिरण्याच्या दिशेने स्वतःला आवळून घेतात, त्यामुळे दोन्ही दिशांना पकड सारखीच असेल असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमात गाडीला कसोटी अशी आहे की भरलेली गाडी २० टक्के उतारावर, चढाकडे आणि उताराकडे दोन्ही तोंडांनी, हँडब्रेकवर थांबली पाहिजे, आणि त्यासाठी हाताचा जोर ४०० न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण ४० किलोच्या ओढीएवढा. २० टक्के म्हणजे १०० मीटरला २० मीटर चढ, कोनात जेमतेम सव्वाअकरा अंश, पण गाडीत बसून बघितलं की भिंत वाटते.

घरंगळ
बघितलं, तेच फाटक, तोच उतार, दोन्ही तोंडांनी. जागची हलली नाही. अर्धा तास चालवून दोन्ही रिमना हात लावला, दोन्ही कोमट, सारखे.

फक्त एक राहिलं. हँडब्रेक पूर्ण खाली असला तरी लाल दिवा वळणावर लुकलुकतो. आधी नव्हता.

पानातेरा
ब्रेक ऑइल बघा. बहुतेक गाड्यांत तोच दिवा हँडब्रेकला आणि ऑइल कमी झाल्यालाही असतो, वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि दिवा लागतो. आणि नुसतं वरून भरू नका, कमी का झालं ते आधी शोधा, व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीच्या आत ओल आहे का बघा.

घरंगळ
ऑइल वरच्या रेषेला. टोप्यांच्या आत कोरडं.

घोडी_लावा
लिव्हरचं कव्हर परत बसवताना खालच्या स्विचला धक्का लागला असेल. बघा जरा.

घरंगळ
बघितलं. स्विचची वायर कव्हर आणि लिव्हरच्या मधे चेपून ठेवली होती मी. काढून सरळ केली, दिवा गेला. बायको म्हणते ती हरवलेली स्प्रिंग पण तिथेच बघ.